रेम्ब्रांटचें १६५२ चें वृक्षराजीचें मुद्राचित्र : एक साधनचिकित्सा

इतिहासाचें साधन म्हणजे लेखी कागद, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. शिलालेख, ताम्रपट, नाणीं व मुद्रा यांच्या अभ्यासानें ती पुष्कळ विस्तृत झाली. तथापि चित्र हें साधन म्हणून पुढें आलें, कीं त्यांत काय दाखविलें आहे एवढें विचारून आपण थांबतों. पोशाख कोणता, शस्त्र कोणतें, वाडा कोणाचा, इतकें निश्चित झालें म्हणजे चित्राचें काम संपलें असें मानण्यांत येतें. मग ज्या चित्रांत व्यक्ति नाहीं, प्रसंग नाहीं, केवळ उन्हांत उभीं असलेलीं झाडें आहेत, त्यास साधनांच्या यादींत जागाच उरत नाहीं. असें चित्रहि एखाद्या दप्तरांतील कागदाप्रमाणें तपासतां येतें, आणि तसें तपासल्यावांचून त्याच्या सौंदर्याविषयीं केलेलें विधानहि निराधार राहतें, हें एका उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं घेतलेलें चित्र डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याचें होय. त्यांत एक दाट वृक्षराजी आहे, आणि झाडांमधील एका मोकळ्या वाटेनें पलीकडचा उजेड दिसतो. यावरून त्यास ‘वृक्षराजी व पलीकडील देखावा’ अशा अर्थाचें नांव पडलें आहे. ऑस्ट्रियन विद्वान् आदाम बार्ट्श यानें १७९७ सालीं रेम्ब्रांटच्या मुद्राचित्रांची जी यादी प्रसिद्ध केली तींत याचा अनुक्रम २२२ आहे. पूर्ण झालेलें चित्र सुमारे १२४ मिलिमीटर उंच व २११ मिलिमीटर रुंद, म्हणजे पोथीच्या पानाहून फार मोठें नाहीं. त्यावर रेम्ब्रांटचें नांव व १६५२ हें साल आहे. चित्र आरंभापासून शेवटपर्यंत ड्रायपॉइंट नांवाच्या रीतीनें केलेलें आहे, आणि आमच्या विवेचनाचा सर्व भर या एका गोष्टीवर आहे.

१

तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या तीन रीती येथें ध्यानांत घेतल्या पाहिजेत. पहिलींत ब्युरिन नांवाच्या टोकदार टाकीनें धातु कोरून काढतात. तिची रेघ स्वच्छ व रेखीव उमटते. दुसरींत पत्र्यावर मेण व राळ यांचा लेप देऊन त्यावर सुईनें चित्र काढतात. सुईनें लेप निघून जी जागा उघडी पडते तेथील तांबें तेजाब खातो. या रीतीस एचिंग म्हणतात. हींत सुईला धातूशीं झगडावें लागत नाहीं, म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. तिसरी रीत ड्रायपॉइंट, म्हणजे कोरड्या सुईची. हींत लेप नाहीं व तेजाबहि नाहीं. कठीण सुई उघड्या तांब्यावर दाबून रेघ ओढावयाची, एवढाच तिचा सर्व खटाटोप.

परंतु या साध्या कृतीचा परिणाम साधा नसतो. शेतांत नांगर चालला म्हणजे तासाच्या कांठावर जशी माती उचलली जाते, तशी या सुईच्या वाटेनें तांब्याची बारीक खरबरीत कड वर उठते. ब्युरिननें कोरणारा कारागीर अशी कड खरवडून टाकतो. ड्रायपॉइंट करणारा तिला मुद्दाम ठेवतो. पत्र्यावर शाई चोळून पृष्ठभाग पुसला, कीं रेघेच्या खांचेंत शाई राहते ती राहतेच, पण या कडेच्या आडोशासहि पुष्कळ शाई अडकते. मग ओलसर कागद वर ठेवून पत्रा चरकाच्या दोन रुळांमधून दाबून काढला म्हणजे रेघेभोंवतीं मखमलीसारखी मऊ, गडद छटा उमटते. ती रेघ एके ठिकाणीं तीव्र असते व दुसरीकडे कागदांत विरून जाते.

आतां १६५२ च्या चित्रांतील ऊन कसें निर्माण झालें तें पाहूं. सूर्य या चित्रांत कोठेंहि काढलेला नाहीं, आकाश तर संपूर्ण कोरें आहे. ज्यास आपण ऊन म्हणतों तो केवळ न छापलेला कागद होय. तोच कोरा कागद दुसऱ्या एखाद्या चित्रांत रिकामा वाटला असता. येथें तो प्रखर वाटतो, याचें कारण त्याच्या शेजारीं पानांचे जे पुंजके आहेत त्यांची काळोखी या कडेमुळें खोल व ओलसर झाली आहे. पानें एकेक करून काढलेलीं नाहींत. सुई वेड्यावांकड्या वळणांनीं झपाट्यानें फिरली आहे, जेथें सांवली दाट तेथें हात अधिक दाबला गेला आहे, आणि जेथें दाब अधिक तेथें कडहि अधिक उठली आहे. हाताचा जोर व सांवलीची घनता यांचा असा प्रत्यक्ष संबंध एचिंगमध्यें येत नाहीं, कारण तेथें रेघेची खोली तेजाब ठरवितो. या चित्रास कोणी भावपूर्ण म्हणत असेल तर त्या शब्दाचा निश्चित अर्थ हा आहे. आणि तो तांब्यावर तपासून पाहण्यासारखा आहे.

२

ही रीत रेम्ब्रांटनें शोधून काढली असें मात्र नव्हे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत होऊन गेलेला एक अनाम कलावंत, ज्यास ‘हाउसबुखचा कारागीर’ या नांवानें ओळखतात, तो या रीतीचा पहिला मोठा उपासक होय. त्याचीं सुमारे नव्वद मुद्राचित्रें ज्ञात आहेत, आणि त्यांपैकीं सुमारे ऐंशी आम्स्टरडॅम येथील संग्रहांत असल्यामुळें त्यास ‘आम्स्टरडॅम संग्रहाचा कारागीर’ असेंहि म्हणतात. त्याच्या पुष्कळ चित्रांची जगांत एकेकच प्रत उरली आहे. याचें कारण निदान अंशतः रीतींतच आहे असें आम्हांस वाटतें : इतक्या नाजूक कडेवरून फार प्रती निघण्याजोग्या नव्हत्या.

ब्युरिनचा असामान्य अधिकारी आल्ब्रेख्ट ड्यूरर यानेंहि १५१२ च्या सुमारास ही रीत हाताळून पाहिली. परंतु अवघीं तीन चित्रें करून त्यानें ती सोडून दिली. त्या तिहींपैकीं एक आमच्या विषयाशीं जवळचें आहे. त्यांत संत जेरोम हा एका छाटलेल्या वाळुंजाच्या झाडाजवळ बसला आहे. त्याच्या आरंभींच्या प्रतींत झाडाच्या खोडाभोंवतीं व खडकांभोंवतीं जी दाट मऊ काळोखी आहे ती ड्यूररच्या ब्युरिनच्या कामांत कोठेंहि सांपडत नाहीं. उशिरांच्या प्रतींत तीच जागा फिकट व काटकुळी दिसते. रेम्ब्रांटनें १६४८ सालीं हाच विषय, हाच संत व असेंच छाटलेलें वाळुंज घेऊन, एचिंग व ड्रायपॉइंट यांच्या मिश्रणानें चित्र केलें. त्यांत संतापेक्षां झाडच मोठें आहे. चार वर्षांनंतर १६५२ च्या चित्रांत संत गेला आणि झाडें तेवढीं राहिलीं.

रेम्ब्रांटच्या स्वतःच्या देखाव्यांतहि हा क्रम दिसून येतो. सुमारे १६४० पासून पुढील बारा-तेरा वर्षांत त्यानें मुद्राचित्रांत देखावे काढले. त्यांपैकीं १६४३ चें ‘तीन वृक्ष’ हें सर्वांत मोठें व सर्वांत प्रसिद्ध. तें मुख्यतः एचिंग असून त्यास ब्युरिन व ड्रायपॉइंट यांची जोड दिली आहे. त्यांत वादळ आहे, पट्टीनें ओढल्यासारख्या पावसाच्या सरी आहेत, ढग आहेत, आणि उजेडाच्या पार्श्वभूमीवर तीन झाडें उभीं आहेत. त्या चित्रांतील उजेड हा एका नाट्याचा भाग आहे. १६५२ च्या चित्रांत नाट्याचीं सर्व साधनें टाकून दिलेलीं आहेत. एकच सुई, एकच पत्रा, आणि ऊन पडलेलीं झाडें.

३

या चित्राच्या दोन अवस्था उपलब्ध आहेत. अवस्था या शब्दाचा येथें पारिभाषिक अर्थ असा कीं, चित्रकारानें पत्र्यावर कांहीं फेरफार केला, म्हणजे त्या फेरफारापूर्वीं काढलेल्या प्रती एका अवस्थेच्या व नंतर काढलेल्या दुसऱ्या अवस्थेच्या. पहिल्या अवस्थेंत पत्रा अधिक उंच आहे, आणि त्यावर झाडांचा केवळ आराखडा म्हणतां येईल इतकेंच काम आहे. दुसऱ्या अवस्थेंत पत्रा कापून त्याची उंची कमी केली आहे, पर्णसंभार पुष्कळ भरून काढला आहे, आणि नांव व साल घातलें आहे.

येथें तारखेविषयीं एक सावधगिरी आवश्यक आहे. १६५२ हें साल दुसऱ्या अवस्थेवर आहे. त्यावरून पहिली अवस्था त्या सालाच्या पुढची नाहीं इतकेंच सिद्ध होतें. एखाद्या बखरीच्या नकलेवर लेखकानें समाप्तीची तिथि घातली असेल तर ती मूळ मसुद्याची तिथि म्हणून कोणी घेत नाहीं. तोच न्याय येथेंहि लागू आहे.

पहिली अवस्था चित्रकारानें पत्रा हातीं घेऊन उघड्या रानांतच काढली असावी, असें कांहीं विद्वान् मानतात. या मताच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. ड्रायपॉइंटला लेप लागत नाहीं व तेजाबाचें भांडें लागत नाहीं. घासून तयार केलेला पत्रा व सुई घेऊन कोणीहि घराबाहेर पडूं शकतो. रेघांची घाई व विरळपणा हेंहि त्याच मतास अनुकूल आहे. शिवाय रेम्ब्रांटचें दिवाळें निघाल्यावर जुलै १६५६ मध्यें त्याच्या चीजवस्तूंची जी यादी सरकारी रीतीनें झाली, तींत त्यानें प्रत्यक्ष पाहून काढलेल्या देखाव्यांच्या वहीचा उल्लेख आहे. अर्थात् बाहेर जाऊन चित्रें काढण्याचा त्याचा प्रघात होता यांत शंका नाहीं. तथापि प्रघात वहीचा सिद्ध होतो, पत्र्याचा नव्हे. शक्यता व पुरावा यांमधील अंतर येथें सोडतां कामा नये. दोन अवस्थांवरून निर्विवाद म्हणतां येतें तें एवढेंच, कीं प्रथम झाडांची ठेवण एका दमांत बांधली गेली आणि काळोख मागाहून, विचारानें, भरण्यांत आला. पहिल्या अवस्थेंत प्रकाश जवळजवळ सर्वत्र पसरलेला आहे. दुसरींत अंधार वाढला, आणि म्हणूनच ऊन दिसूं लागलें.

४

ही वृक्षराजी कोठली, असा प्रश्न वाचकांच्या मनांत साहजिकच येईल. त्याचा विचार करण्यापूर्वीं एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. पत्र्यावर जें उजवीकडे असतें तें कागदावर डावीकडे येतें. आपल्याकडे नाना फडणिसांच्या प्रेरणेनें आरंभ झालेली व त्यांच्या मृत्यूनंतर १८०५ मध्यें मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली भगवद्गीता इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. तसल्या छपाईंत अक्षर सरळ उमटावयाचें तर तें पत्र्यावर उलटें कोरावें लागतें. अक्षरांच्या बाबतींत हें कष्ट कारागीर चुकवूं शकत नाहीं. झाडांच्या बाबतींत तो चुकवूं शकतो, आणि रेम्ब्रांटनें बहुधा ते चुकविलेले आहेत. त्यानें सुमारे १६४० मध्यें केलेलें आम्स्टरडॅम शहराचें चित्र कागदावर आरशांत पाहिल्याप्रमाणें उलटें उमटलेलें आहे. म्हणून त्याच्या देखाव्याचें स्थळ शोधावयाचें तर चित्र मनांत उलटून घ्यावें लागतें.

असा शोध किती फलदायी होऊं शकतो याचें उदाहरण १६५१ च्या एका चित्रांत मिळतें. एचिंग व ड्रायपॉइंट यांनीं केलेल्या त्या विस्तीर्ण देखाव्यास ‘सोनें तोलणाऱ्याचें शेत’ असें नांव परंपरेनें चिकटलें होतें, आणि तें उइटेनबोखार्ट नांवाच्या अधिकाऱ्याच्या मालकीच्या जमिनीचें चित्र असें समजण्यांत येई. १९५४ सालीं व्हान रेग्टेरेन आल्टेना या डच विद्वानानें तें हार्लेम शहरानजीकच्या साक्सेनबुर्ख या मळ्याचें असल्याचें दाखवून दिलें. या मळ्याचा मालक क्रिस्टोफेल थाइस हा होता. आणि १६३९ सालीं रेम्ब्रांटनें तेरा हजार गिल्डरांस जें घर विकत घेतलें त्याच्या विक्रेत्यांपैकींहि तो एक होता. त्या घराची बाकी रेम्ब्रांटकडून येणें होती, आणि ऋणको व धनको यांच्या त्या संबंधाची छाया देखाव्याच्या निवडीवर पडली असावी, हें अनुमान तेव्हांपासून करतां येऊं लागलें. दोन शतकें चालत आलेलें नांव अशा रीतीनें खोटें ठरलें. परंपरागत नांव हा पुरावा नव्हे, हा धडा आपल्या संशोधनांतहि पदोपदीं मिळतो.

१६५२ चें चित्र मात्र या वर्गांतील नव्हे. साक्सेनबुर्खच्या देखाव्यांत हार्लेमच्या चर्चची उंच इमारत दूरवर दिसते व ती ओळख पटविते. येथें तशी कोणतीहि खूण चित्रकारानें ठेवलेली नाहीं. मळ्याचा देखावा मालकाच्या दृष्टीनें मोलाचा असतो, कारण तो त्याच्या मालमत्तेचा दाखला असतो. झाडांचा एक पुंजका हा कोणाच्याच मालमत्तेचा दाखला होत नाहीं. लागोपाठच्या दोन वर्षांतील हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे एकांत स्थळ हा विषय आहे व दुसऱ्यांत प्रकाश हा विषय आहे, हें स्पष्ट होतें.

येथेंच एका प्रचलित समजुतीचाहि परामर्श घेणें इष्ट होईल. रेम्ब्रांटची पत्नी सास्किया १६४२ मध्यें वारली. १६५३ पासून घराच्या बाकीचा तगादा तीव्र झाला. १६५६ मध्यें दिवाळें निघालें. या दुःखांचा संबंध त्याच्या झाडांशीं जोडण्याचा मोह अनेकांस झाला आहे. परंतु देखावे काढण्यास त्यानें आरंभ केला तो पत्नीच्या मृत्यूच्या आधीं. आणि उन्हानें इतकें उजळलेलें हें चित्र तर कर्जाच्या ऐन दिवसांतील आहे. चरित्रांतील दुःख घेऊन चित्रांत शोधावें, आणि चित्रांत सांपडलें म्हणून चरित्रांत घालावें, हें वर्तुळ आहे. त्यास पुरावा म्हणतां येणार नाहीं.

५

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कडेमुळें चित्रास जें वैभव येतें तें अल्पायुषी असतें. चरकांतून पत्रा एकदां निघाला, कीं कड थोडी चेपते; दहांदां निघाला कीं पुष्कळ चेपते; दहा-वीस उत्तम प्रतींनंतर मखमल जाऊन केवळ खांचेची काटकुळी रेघ उरते. मग पानांच्या पुंजक्यांतील अंधार विरळ होतो, व अंधार विरळ झाला म्हणजे ऊनहि मावळतें. कोऱ्या कागदांत काडीचाहि फरक झालेला नसतो. तरी तो प्रकाश राहत नाहीं, नुसता कोरा कागद होतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. छापील वस्तूच्या सर्व प्रती सारख्या, हें गृहीत छापखान्याच्या युगांत आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे, कीं त्याची कोणी तपासणी करीत नाहीं. ड्रायपॉइंटच्या बाबतींत तें सर्वथा खोटें आहे. येथें प्रत्येक प्रत पूर्वीच्या प्रतीहून कांहीं अंशीं निराळी व उणी असते. हस्तलिखितांच्या नकलांत अशुद्धें वाढत जातात, तसें येथें मौन वाढत जातें. १६५२ चें चित्र म्हणून जेव्हां एखादा कागद पुढें केला जातो, तेव्हां ती कितवी प्रत, कोणत्या अवस्थेची, व कोणत्या कागदावरची, हे तीन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. त्यांचीं उत्तरें मिळण्यापूर्वीं चित्राविषयीं दिलेला अभिप्राय हा चित्राविषयींचा नसून त्या एका प्रतीविषयींचा असतो.

कागदाचा प्रश्न गौण नाहीं. सोळाशें चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून रेम्ब्रांट आपल्या कांहीं प्रतींसाठीं जपानी कागद वापरूं लागला. हा कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारांतून युरोपांत येई. तो मऊ, किंचित् पिवळसर व शाई सहज पिणारा असतो. त्यामुळें कडेवरचा दाब मवाळ होतो आणि उजेडास एक उबदार झांक येते. त्याच व्यापाराच्या वाटेनें मोगल दरबारच्या तसबिरीहि आम्स्टरडॅमला पोंचल्या होत्या. सुमारे १६५६ ते १६६१ या काळांत रेम्ब्रांटनें त्यांवरून पौर्वात्य कागदावर काढलेलीं वीसहून अधिक रेखाचित्रें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत शहाजहान बादशहाचीं चित्रेंहि आहेत. हिंदुस्थानचा व या चित्रकाराचा एवढा संबंध निश्चित आहे.

युरोपीय कागदावरील प्रतींस आणखी एक साक्षीदार असतो. तो म्हणजे जलचिन्ह, कागद उजेडापुढें धरला असतां दिसणारी कागद करणाऱ्या कारखान्याची खूण. या खुणांवरून प्रतींचा काळ ठरविण्याचें विस्तृत काम एरिक हिंटर्डिंग या डच संशोधकानें करून २००६ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध केलें. २०१३ मध्यें त्यानें व याको रुटखर्स यानें सिद्ध केलेल्या नव्या यादींत रेम्ब्रांटच्या हातचीं म्हणून ३१४ मुद्राचित्रें स्वीकारलीं आहेत. मोडी कागदांची साक्ष जशी शिक्क्यामोर्तबावरून व कागदाच्या जातीवरून तपासली जाते, तशीच ही पद्धति आहे. भेद इतकाच कीं येथें चाचणी ऊन-सांवलीची होत असते.

६

रेम्ब्रांटच्या अवस्थांविषयीं एक जुना आरोप आहे, त्याचा निकाल या चित्रापुरता तरी लागतो. डच चरित्रकार हाउब्राकेन यानें १७१८ मध्यें असें लिहिलें, कीं रेम्ब्रांट पत्र्यावर किरकोळ फेरफार करून तेंच चित्र नवें म्हणून विकी, आणि संग्राहकांस त्या सर्व अवस्था जवळ नसणें लाजिरवाणें वाटे. मुकुटासह व मुकुटावांचून असलेली जूनो देवता, गोरा जोसेफ व सांवळा जोसेफ, हीं त्यानें दिलेलीं उदाहरणें. हाउब्राकेन हा रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं लिहीत होता. तरी त्याच्या एका शिष्याजवळ तो शिकलेला असल्यामुळें त्याची साक्ष अजिबात टाकून देतां येत नाहीं. संग्राहकांचा हव्यास खरा असेल. परंतु १६५२ च्या चित्रांतील फेरफार किरकोळ नाहीं. पत्रा कापावयाचा, चौकट बदलावयाची, सबंध पर्णसंभार नव्यानें बांधावयाचा, हा विक्रीसाठीं केलेला देखावा म्हणतां येत नाहीं. पुढच्याच वर्षींच्या ‘तीन क्रूस’ या मोठ्या चित्रानें तर हें अधिक स्पष्ट होतें. तेंहि ड्रायपॉइंटप्रधान, त्याची कड झिजल्यावर रेम्ब्रांटनें चवथ्या अवस्थेंत कित्येक आकृति घासून पुसल्या, नव्या घातल्या, आणि दृश्य जवळजवळ अंधारांत बुडविलें. झिजेमुळें जें हरपलें त्याची डागडुजी न करतां त्यानें नवें चित्रच केलें. अवस्था ही येथें विचाराची पायरी आहे.

खरी फसवणूक झाली ती पुढें, आणि इतरांच्या हातून. क्लेमेंट डी योंगे या आम्स्टरडॅमच्या चित्रविक्रेत्याच्या १६७९ च्या मालमत्तेच्या यादींत रेम्ब्रांटच्या चौऱ्याहत्तर पत्र्यांची नोंद आहे. पुढें पुष्कळसे पत्रे हातोहात फ्रान्सांत गेले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचा प्रकाशक बासाँ व त्याच्या मागून आलेले मालक यांनीं ते पुनःपुनः घासून, दुरुस्त करून छापले. असे छाप १९०६ पर्यंत निघत होते. आयरिश कप्तान विल्यम बेली यानें तर ‘शंभर गिल्डर’ या नांवानें विख्यात असलेल्या चित्राचा पत्रा मिळवून १७७५ मध्यें त्यावर स्वतःच्या हातानें काम केलें, आणि शेवटीं त्याचे चार तुकडे केले. या सर्व कागदांवर रेम्ब्रांटचेंच नांव आहे. सुमारे ऐंशी पत्रे विसाव्या शतकापर्यंत टिकले. १९३८ पासून ते एका अमेरिकन मालकाकडे एकत्र होते, व १९९३ मध्यें विकले जाऊन विखुरले. पत्रा अस्सल असूनहि त्यावरून निघालेली प्रत अस्सल नसावी, असा हा विलक्षण प्रकार आहे. आणि ज्या चित्राचें सर्वस्व त्याच्या कडेंत होतें त्याच्या बाबतींत हा भेद सर्वांत जास्त बोंचतो.

७

एकोणिसाव्या शतकांत या रीतीचें पुनरुज्जीवन झालें. सर फ्रान्सिस सीमर हेडन हा व्यवसायानें शस्त्रवैद्य, परंतु रेम्ब्रांटच्या मुद्राचित्रांचा निष्ठावंत संग्राहक. १८५९ मध्यें मिटन हॉल येथील वृक्षांच्या रांगेचें व १८६३ मध्यें आयर्लंडांतील नदीकांठच्या झाडांमागील सूर्यास्ताचें चित्र त्यानें एचिंग व ड्रायपॉइंट यांनीं काढलें. दोहोंतहि रेम्ब्रांटचा अभ्यास उघड दिसतो. लंडनच्या बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लबांत १८७७ सालीं भरलेल्या प्रदर्शनांत त्यानें रेम्ब्रांटचीं मुद्राचित्रें विषयवारीनें न मांडतां कालक्रमानें मांडलीं, आणि शिष्यांच्या हातचीं कोणतीं हा वाद उपस्थित केला. त्याचे सर्वच निर्णय टिकले नाहींत. परंतु कालक्रमाची मांडणी टिकली. जेथवर देखावे एका गठ्ठ्यांत व संतांचीं चित्रें दुसऱ्या गठ्ठ्यांत बांधलेलीं होतीं, तेथवर १६४८ चें वाळुंज व १६५२ ची वृक्षराजी यांचें नातें दिसणें कठीण होतें.

याच सुमारास, १८५७ च्या आसपास, तांब्याच्या पत्र्यावर विजेच्या साह्यानें पोलादाचा अति पातळ थर देण्याची युक्ति फ्रान्सांत निघाली. तिनें कडेचें आयुष्य वाढलें, आणि ड्रायपॉइंटच्या शेंकडों प्रती काढणें शक्य झालें. सोय झाली खरी; पण त्याबरोबर रीतीचा जुना नियमहि बदलला. १६५२ मध्यें प्रत्येक प्रत काढतांना चित्रकार आपल्या चित्रांतील कांहीं अंश खर्ची घालीत होता. हें जाणूनहि त्यानें ही रीत पत्करली, यास आम्ही योगायोग म्हणत नाहीं. एचिंगची टिकाऊ रेघ त्याच्या हाताखालीं होती आणि ती त्यानें या चित्रापुरती बाजूस ठेवली.

येणेंप्रमाणें झालेल्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. एक, या चित्रांतील प्रकाश हा तांब्याच्या उचललेल्या कडेचा परिणाम आहे. त्याचा निर्णय चरित्रावरून न करतां प्रत पाहून केला पाहिजे. दोन, पहिली अवस्था हा मसुदा व दुसरी हा पक्का लेख असें मानून १६५२ हें साल दुसरीसच लावावें. तीन, झिजलेल्या प्रतीवरून अगर तिच्या छायाचित्रावरून चित्रकाराच्या भावनेविषयीं विधान करणें, हें पाण्यानें भिजून पुसट झालेल्या पत्रावरून लिहिणाऱ्याच्या शैलीविषयीं विधान करण्यासारखें आहे. चार, संग्रहालयांनीं व संग्राहकांनीं अशा चित्रांची नोंद करतांना चित्रकाराचें नांव व साल यांवर संतुष्ट न राहतां अवस्था, कागद, जलचिन्ह व कडेची स्थिति हीं चार कलमें अवश्य लिहावीं. ज्यांच्या दप्तरीं किंवा घराण्यांत जुनीं ताम्रमुद्रित चित्रें असतील त्यांनींहि त्यांकडे याच दृष्टीनें पाहावें, अशी आमची विनंती आहे. कारण दोन प्रती शेजारीं ठेवल्याखेरीज एकींतून काय गेलें आहे हें कधींच कळत नाहीं.